दाराच्या अलीकडे

दाराच्या पलीकडून कुणीतरी मराठीत ओरडलं आणि नीळकंठचा हात पुढच्या माणसाच्या खांद्यावरून सुटला. या भुताच्या घरात शिरतानाच सगळ्यांना सांगितलं होतं, की एकामागे एक चालायचं, प्रत्येकाने आपल्या पुढच्याचे खांदे धरायचे आणि काहीही झालं तरी सोडायचे नाहीत. पुढचा माणूस कोण होता कुणास ठाऊक; उंच, लोकरीच्या कोटातला, आणि त्या कोटाला पावसात भिजलेल्या कुत्र्याचा वास. इतका वेळ नीळकंठने ते खांदे मुकाट धरून ठेवले होते. खाटकाच्या खोलीत लाल दिव्याखाली कुणीतरी हाडं तोडत होतं, छतावरून ओल्या दोऱ्या गालांना लागत होत्या, मागचेपुढचे किंचाळत होते आणि लगेच स्वतःलाच हसत होते, आणि हा आपला ऑफिसच्या मीटिंगला जावं तसा त्या सगळ्यातून चालला होता. मग हे दार आलं. प्लायवूडचं, वर करडा रंग फासलेलं, खालच्या फटीतून पिवळा उजेड. त्याच्यावर आतून थापा पडायला लागल्या. आधी हलक्या, मग दोन्ही हातांनी. "आई, दार उघड. दार उघड ना." रांगेतल्या कुणीतरी डचमध्ये विचारलं, ही कुठली भाषा, लॅटिन की काय? दुसरा म्हणाला, सैतानाची असणार. मुली एकमेकींना बिलगून खिदळल्या. "आई, मी डोळे मिटून येते. काही नाही बघणार. शप्पथ. फक्त आत घे." मागची बाई नीळकंठच्या पाठीवर येऊन आदळली, हळू आवाजात माफी मागून पुन्हा त्याचे खांदे धरून उभी राहिली, आणि तिच्या त्या दोन अनोळखी तळव्यांच्या आधाराने तोही उभा राहिला.

आधी त्याला भाषा ओळखू आली आणि मग आवाज. मधल्या त्या क्षणात तो खरोखर घाबरला होता. हूफडॉर्प या डच गावाच्या बाहेर, बीटाच्या शेतांमधल्या बटाटे साठवायच्या एका शेडमध्ये, काळ्या प्लॅस्टिकने मढवलेल्या बोळकांडीत आपली भाषा आपल्याला येऊन गाठते आहे, याची ती भीती होती. आवाज गुंजनचा होता. त्याची मुलगी इथे भूत झाली आहे हे त्याला माहीत होतं, तिलाच बघायला तर तो आला होता. पण प्रत्येक वळणावर तो मुखवट्यांच्या भोकांमधून तिचे डोळे शोधत होता. आवाजाकडे त्याचं लक्षच नव्हतं. गुंजनचा आवाज असा नव्हताच मुळी. गेली दोन वर्षं घरात तो जो आवाज ऐकत आला होता तो वरच्या मजल्यावरून जिन्याने खाली यायचा, इंग्रजीत, सपाट. दूध संपलंय. आज उशीर होईल. मी जेवून आलेय. वैदेही होती तेव्हा जेवणाच्या टेबलावर मराठीच, असा तिचा नियम होता. गुंजनला सगळं समजायचं, पण उत्तर ती डचमध्ये द्यायची, आणि वैदेही न चिडता तेच उत्तर मराठीत म्हणून दाखवायची. तुटलेलं बटण लावून सदरा परत हातात द्यावा तसं. वैदेही गेल्यावर तो नियम कुणी मोडला नाही. एका जेवणाला तो नव्हता, दुसऱ्या जेवणाला नव्हता, आणि मग तो कधी होता हेच दोघं विसरल्यासारखे झाले. बापलेक इंग्रजीत बोलू लागले. इंग्रजीत दोघांनाही सभ्य राहता यायचं.

सप्टेंबरात केव्हातरी गुंजनने सांगितलं होतं, की ऑक्टोबरच्या सुट्टीत ती एका स्पोकहाउसमध्ये, म्हणजे भुताच्या घरात, काम करणार आहे. लिस्बेथ नावाच्या कुणी बाई होत्या, तिच्या शाळेत पूर्वी नाटक शिकवायच्या. त्या दर वर्षी गावाबाहेरच्या शेतकऱ्याची शेड मागून घेऊन हे घर उभं करतात. तू काय करणार तिथे, असं त्याने विचारलं. लोकांना घाबरवणार, ती म्हणाली. कसं, असं विचारल्यावर तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, की तुला नाही आवडणार. विषय संपला. मग रोज संध्याकाळी ती सायकलवरून परत यायची तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्यांमागे, केसांच्या मुळांशी पांढरी पूड राहिलेली असायची, आणि ती उभ्याउभ्याच फ्रिज उघडून जेवायची. भरपूर जेवायची. हे त्याच्या ध्यानात आलं होतं आणि त्याला त्याचा अर्थ लागत नव्हता. मृणालिनीने फोनवर नाराजी दाखवली. मृणालिनी वैदेहीची युट्रेख्टच्या विद्यापीठातल्या दिवसांपासूनची मैत्रीण, आता बुइटनव्हेल्डर्टला राहणारी. वैदेही गेल्यावर पहिले काही महिने ती दर रविवारी डबे घेऊन यायची. घरात मरण होऊन गेलेल्या पोरीला असल्या ठिकाणी कशाला पाठवतोस, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर नीळकंठला एवढंच म्हणता आलं, की ती जेवते अगं आजकाल. आणि आज दुपारी बुटांच्या नाड्या बांधता बांधता, वर न बघता, गुंजन म्हणाली होती, की आज शेवटचा दिवस आहे, यायचं असेल तर ये. तो आला होता. त्याला वाटलं होतं, मुलीला आपलं काम बापाला दाखवायचं आहे.

थापा चालूच होत्या. दाराची वरची कड प्रत्येक थापेला हलत होती आणि फटीतल्या उजेडात दोन पायांच्या सावल्या पुढेमागे होत होत्या. अशी सावली त्याने पाहिली होती, पण दुसऱ्या बाजूने, खोलीच्या आतून. खालच्या मजल्यावरच्या खोलीत, जिथे आधी वैदेहीचं कामाचं टेबल होतं, तिथे वरखाली होणारा पलंग आणून ठेवला होता. खिडकीतून कालवा दिसायचा, त्यात काळी पाणकोंबडी आपल्या पिलांना घेऊन फिरायची. पोटात सुरू झालेलं दुखणं तोवर सगळीकडे गेलं होतं. सायकलवरून येणारी किडकिडीत डॉक्टरीण, त्यांची हाउसआर्ट्स, म्हणजे घरची नेहमीची डॉक्टर, पलंगाच्या कडेला बसून वैदेहीशी थेट बोलायची, इथे बोलतात तसं, शब्दांवर पदर न ओढता. आता आणखी उपचार नाहीत, पण घरी राहता येईल. दुखणं फार झालं तर झोपेचं औषध चालू करता येईल, आणि त्या झोपेतून मग परत यायचं नसतं. वैदेही मान हलवायची, जणू कुठल्या धरणाच्या कामाचा अहवाल ऐकते आहे. डॉक्टरीण गेल्यावर एका दुपारी ती नीळकंठला म्हणाली, "तिला आता आत येऊ देऊ नकोस." कुणाला, असं त्याने विचारलं नाही. ती म्हणाली, "माझं तोंड बघ कसं झालंय. हे तिच्या डोळ्यांत राहायला नको." बास. त्याने वाद घातला नाही, कारण त्याला कारण माहीत होतं.

ते तिने फार पूर्वी सांगितलं होतं. युट्रेख्टला ती संशोधनासाठी आली आणि तिच्यामागे तो, लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. पहिल्याच हिवाळ्यात जुन्या कालव्याकाठच्या ओल्या बाकावर बसून तिने सांगितलं. मिरजेला, ती सात-आठ वर्षांची असताना, तिची आई गेली. शेवटच्या घटकेला आत्यामावश्यांनी तिला पुढे ढकललं. बघून घे, तोंडात पाणी घाल, पुन्हा दिसायची नाही. चमचा दातांवर वाजला आणि पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर गेलं. "त्यानंतर मला आई म्हटलं की तेवढाच चेहरा आठवतो," वैदेही म्हणाली होती. "आधीचा एकही नाही. फोटो बघितले तर ते दुसऱ्याच कुणाचे वाटतात." नद्यांच्या गाळावर तिचं संशोधन चाललेलं होतं, आणि हेही तिने गाळाचं काही सांगावं तसंच सांगितलं, की पुराचा एक थर असा येऊन बसतो की खालचे सगळे थर असूनही नसल्यासारखे होतात. नीळकंठने तेव्हा तिचा हात हातात घेतला होता. हातमोज्यातला हात, बोटं कुठली कुठे आहेत हेही कळेना. त्याला तेव्हा वाटलं होतं, आपल्याला आता या बाईचं सगळं माहीत झालं.

म्हणून तो दारापाशी उभा राहिला. गुंजन शाळेतून यायची आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. तो खोलीतून बाहेर यायचा, दार मागे ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, आई झोपलीय. ती दाराच्या मुठीकडे बघायची. मग ओके म्हणून वर निघून जायची. तिने एकदाही दार वाजवलं नाही. एकदाही आवाज चढवला नाही. येणारी परिचारिका म्हणायची, किती समंजस आहे तुमची मुलगी, आणि त्याला बरं वाटायचं. त्या दिवसांत बरं वाटण्यासारखी तेवढीच गोष्ट होती. शेवटी झोपेचं औषध सुरू झालं. वैदेही गेली ती सकाळी, पाणकोंबड्यांचं भांडण ऐकू येत असताना. शवपेटी तिच्या इच्छेप्रमाणे बंदच ठेवली. दहनानंतर इथल्या रीतीप्रमाणे कॉफी आणि केक झाला, आणि गुंजनने काळा स्वेटर घालून सगळ्यांपुढे केकच्या बश्या फिरवल्या, कुणाला दूध हवं का असं विचारत. मिरज-पुण्याहून आलेल्या प्रत्येक फोनवर नीळकंठ सांगत राहिला, शांतपणे गेली, काही त्रास झाला नाही. गुंजन ते ऐकत असायची. ती रडली नाही. निदान त्याच्यासमोर नाही. मुलं सावरतात, सगळेच म्हणत होते, आणि तोही म्हणू लागला. आता ती दार वाजवत होती. तेव्हा न वाजवलेलं सगळं आता वाजत होतं, एका शेडमध्ये, परक्या लोकांच्या करमणुकीसाठी, दिवसातून कितीदा, सगळी सुट्टीभर.

दार धाडकन उघडलं. पांढरा उजेड डोळ्यांत घुसला आणि इस्पितळातला झगा घातलेली ती आकृती केस तोंडावर सोडून बाहेर झेपावली. लोकरीच्या कोटाच्या माणसाच्या नाकासमोर, त्याला जराही स्पर्श न करता, ती थांबली. स्पर्श करायचा नाही हा इथला नियम होता. माणूस ओरडला. ती वळली, केस बाजूला झाले आणि तिच्यासमोर नीळकंठ होता. खडूसारखा चेहरा, डोळ्यांभोवती जांभळं, ओठांच्या कोपऱ्यांना भेगा काढलेल्या. हा चेहरा तिने कुठून आणला, त्याच्या मनात आलं. हा तिने पाहिलेलाच नाही. आणि मग त्याला दिसलं, की तो चेहरा चुकलेला आहे. असं काही नव्हतं झालेलं वैदेहीचं. न पाहिलेल्या माणसाने मनाने काढलेला तो चेहरा होता, खऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर. गुंजनचे डोळे त्याच्यावर ठरले. श्वास घ्यावा एवढाच वेळ. तिने तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मग ती त्याच्या बाजूने सरकून पुढे गेली आणि मागच्या बाईच्या अंगावर अशी काही किंचाळली की बाईने नीळकंठचे खांदे सोडून दोन्ही हात तोंडावर घेतले. रांग तुटली, सगळे हसत-ओरडत पुढे पळाले, आणि त्या लोंढ्यात तोही ढकलला गेला. वळून पाहिलं तेव्हा ती आत जाऊन दार स्वतःच लावून घेत होती. नीट, मूठ धरून, आवाज न करता.

पुढचं त्याला फारसं कळलं नाही. पेट्रोलचा वास आला, कुणीतरी मोटारवर चालणारी करवत घेऊन मक्याच्या ताटांमधून धावून आलं, पायाखाली काही मऊ दबलं. मग तो बाहेर होता. त्याच दिवशी पहाटे, इथे हिवाळ्याआधी करतात तशी, घड्याळं एक तास मागे केली होती, त्यामुळे संध्याकाळ नेहमीपेक्षा आधीच येऊन बसली होती. दिव्यांच्या माळा, कोरलेले भोपळे, तंबूत वाटाण्याच्या दाट सूपची वाफ. डोक्यावरून विमान उतरत गेलं, इतकं खाली की त्याच्या पोटावरचे दिवे मोजता यावेत. मखमली जाकीट घातलेल्या, पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई त्याच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, की तुम्ही गुंजनचे वडील, चेहऱ्यावरूनच कळतं. त्या लिस्बेथ होत्या. त्यांनी सूपचा कप त्याच्या हातात दिला आणि गुंजनचं कौतुक करू लागल्या. मी मुलांना सांगते, म्हणाल्या, तुमच्याकडे जे असेल ते घेऊन या. बाकीचे यूट्यूबवरचं काहीतरी घेऊन येतात. ही पहिल्या दिवशी दाराआड गेली आणि तिने असा आवाज काढला की मी, तीस वर्षं नाटक शिकवलेली बाई, खुर्चीत बसले. लोक विचारतात ही भाषा कुठली. ती म्हणते मीच बनवलेली आहे, तिला अर्थ नाही. मग लिस्बेथ जरा थांबल्या आणि त्यांनी विचारलं, खरंच नाही का? नीळकंठने कपात पाहिलं. आपण अर्थ आहे म्हटलं तर या बाई आत जाऊन तिला थांबवतील, जवळ घेतील, चांगल्या मनाने काहीतरी विचारतील. आणि मग तिच्यापाशी हेही उरणार नाही. नाही, तो म्हणाला, माझ्या ओळखीची नाही. सूप फार गरम होतं. त्याने ते तसंच प्यायलं, जीभ पोळेपर्यंत.

मग तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. काय करणार होता ते त्याने ठरवलं नव्हतं असं नाही. ठरवलं होतं. दारापाशी गेलं की रांग सोडायची, पुढे व्हायचं आणि थापा पडत असतानाच ते बाहेरून उघडायचं. मूठ बाहेरून आहे का, हे त्याने मघाशी पाहिलं नव्हतं. नसली तर खांदा लावायचा. या वेळी त्याच्या पुढे एक शाळकरी वयाची मुलगी होती, तिच्या पुढे तिची आई. खाटीक, ओल्या दोऱ्या, पुन्हा तेच. आता त्याची छाती अशी धडधडत होती, की मागे खांदे धरलेल्या माणसालाही ते जाणवलं असावं. त्याने नीळकंठच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, सगळं खोटं आहे हो. करडं दार आलं. फटीतून उजेड, थापा. आणि पलीकडून आवाज, मुलीचाच, पण पातळ, डच. आई, दार उघड, तेच, पण या लोकांच्या भाषेत. सगळे मोकळेपणाने हसले, पुढची मुलगी तर म्हणाली, उघडा की बिचारीला. कळणाऱ्या शब्दांना कुणी घाबरत नव्हतं. नीळकंठने रांग सोडली. विजेरी घेतलेल्या स्वयंसेवक बाईने त्याचा चेहरा पाहिला आणि प्लॅस्टिकचा एक पडदा बाजूला करून त्याला शेडच्या मागच्या बाजूला सोडलं.

तिथे शेत सुरू होत होतं. काढलेल्या बीटांचा ढीग घरापेक्षा लांब पसरला होता, त्याला ओल्या मातीचा गोडसर वास. गुंजन एका पालथ्या क्रेटवर बसली होती, झग्यावरून जाकीट घातलेलं, हातात ओल्या पुसण्यांचं पाकीट. अर्धा चेहरा पुसून झाला होता. त्याला बघून ती दचकली नाही. आधी ती डचमध्ये बोलली, की तिने लिस्बेथला सांगितलंय पोट दुखतंय म्हणून, आता तिच्या जागी दुसरी आहे. तो तिच्या शेजारी बसायला गेला, पण दुसरं क्रेट नव्हतं, म्हणून तसाच मातीत बसला. त्याने मनात वाक्य तयार करून आणलं होतं. दार माझ्यामुळे बंद राहिलं, मी उघडायला हवं होतं, तुझा राग माझ्यावर असू दे. वैदेहीचं नाव त्यात कुठेही येणार नव्हतं. मेलेल्या आईला मुलीसमोर उभं करून उत्तर द्यायला लावायचं नाही, एवढं त्याने दुसऱ्यांदा रांगेत उभं असताना ठरवलं होतं. त्याने सुरुवात केली, मराठीत, आणि पहिल्याच वाक्यात गुंजनने मान हलवली.

"तू नाही केलंस," ती म्हणाली. मराठीत. शब्द एकेक करून, जिन्यावरून अंधारात उतरावं तसे. "तिने सांगितलं तुला. मी तिथेच होते. जिन्यावर. मला ऐकू आलं सगळं."

सगळी सुट्टीभर ती ज्याला हाक मारत होती तो बाप नव्हता, हे नीळकंठने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि तरी त्याला कळलं नव्हतं. ती आई म्हणत होती. दार उघड, असं ती जी आत होती तिलाच सांगत होती.

"मला तिचा राग येतो," गुंजन म्हणाली. "अजून येतो. हे कुणाला सांगणार? शाळेत त्या काउन्सेलरला? ती म्हणणार, इट्स नॉर्मल." तिने एक पुसणी ओढून काढली आणि ती हातातच चुरगळत राहिली. "मी डोळे मिटून गेले असते. विचारलं पण नाही मला."

आणि त्या वेळी, मातीत बसलेला असताना, नीळकंठच्या आत काहीतरी सरकलं. दोन वर्षं ज्याला तो दुःख समजत होता त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते गरम होतं. आपल्या मुलीच्या वाटेत वैदेहीने आपल्याला उभं केलं. आपल्याला पहारेकरी करून ती निघून गेली. ती खिडकीशी, कालव्याकडे तोंड करून. आणि आपण रोज तिच्या वतीने तेच एक वाक्य बोलत राहिलो, लेकीच्या तोंडाकडे न बघता. त्यालाही तिचा राग येत होता. किती येत होता. हे त्याने मृणालिनीला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. तो म्हणाला, "मलासुद्धा येतो." आवाज त्याचा त्यालाच कुणा म्हाताऱ्याचा वाटला. गुंजनने त्याच्याकडे पाहिलं, पुसलेल्या अर्ध्या चेहऱ्याने आणि न पुसलेल्या अर्ध्याने. वरून आणखी एक विमान गेलं. ते जाईपर्यंत बोलता येत नाही, हे या गावातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

मग त्याने तिला मिरजेचं सांगितलं. चमच्याचं, उशीवर गेलेल्या पाण्याचं, पुढे ढकलणाऱ्या बायकांचं, एकाच चेहऱ्याचं. कुठलीही बाजू न घेता, जेवढं त्याला वैदेहीने सांगितलं होतं तेवढंच. गुंजनने हे कधी ऐकलं नव्हतं. तिला आजी नाही एवढंच तिला माहीत होतं. आईही कधीकाळी लहान मुलगी होती, आणि तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं, हे नव्हतं माहीत. ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत होती. शेडमधून किंकाळ्यांची लाट आली, मागोमाग हसण्याची. तिने विचारलं, "दुखत होतं तिला?"

नाही, हा शब्द त्याच्या तोंडात तयार होता. तो इतक्यांदा वापरून गुळगुळीत झाला होता.

"हो," तो म्हणाला. "शेवटी औषध चालू केल्यावर नाही. त्याच्या आधी खूप."

"मला हाक मारली तिने?"

बीटांच्या ढिगावर कुठूनसा एक बगळा येऊन बसला होता, खांदे पाडून. नीळकंठ त्याच्याकडे बघत राहिला. हो म्हणणं किती सोपं होतं, आणि पोरीला ते आयुष्यभर पुरलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "औषध चालू करायच्या आदल्या रात्रीपासून ती तिच्या आईला हाक मारत होती. मला वाटलं ती तुझ्याबद्दल काही बोलेल, म्हणून मी कान लावून बसलो होतो. पण ती फक्त आई, आई म्हणत होती."

गुंजनचा चेहरा आधी तसाच राहिला. मग पुसलेल्या बाजूची हनुवटी हलायला लागली, आणि तिने तोंड दाबून धरलं, पण ते रडणं दाबलं जाण्यासारखं नव्हतं. ते तिच्या पाठीतून, खांद्यांतून यायला लागलं, उलटी यावी तसं. तो गुडघ्यांवर सरकत तिच्यापाशी गेला. तिला धरताना पांढरी पूड त्याच्या कोटाला, गालाला लागली, तिला खडूचा आणि घामाचा वास होता. शेडमधल्यापेक्षा हा आवाज कितीतरी लहान होता. लिस्बेथ प्लॅस्टिकचा पडदा बाजूला करून बाहेर आल्या, दोघांना पाहून थांबल्या, आणि पडदा पुन्हा सोडून आत गेल्या.

बऱ्याच वेळाने गुंजन म्हणाली, आणि हे ती त्याच्या कोटात तोंड खुपसूनच म्हणाली, त्यामुळे त्याला ते कानांपेक्षा छातीला आधी कळलं, "तिला निदान तो एक चेहरा होता, बाबा. मला काहीच आठवत नाही. आई म्हटलं की मला ते दार आठवतं."

वैदेहीने जे टाळायला जिवाचा आटापिटा केला तेच दुसऱ्या रूपाने येऊन बसलं होतं, आणि तिने मुलीला बोलावलं असतं तर काय झालं असतं हे कुणालाही सांगता आलं नसतं. नीळकंठने पाकिटातून एक पुसणी काढली आणि तिच्या चेहऱ्याचा उरलेला अर्धा भाग पुसायला लागला, कपाळापासून. पुसता पुसता तो सांगू लागला. उपचार थांबल्यावर केस परत आले होते जरासे, तो म्हणाला, मऊ, तू बाळ होतीस तेव्हा तुझे होते तसे, आणि मधे एक पांढरा झुपका. रंग पिवळा झाला होता, डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा. गाल आत गेले होते, त्यामुळे नाक मोठं दिसायचं. तिला ते माहीत होतं, आरसा मागून बघायची आणि स्वतःच हसायची. ओठ सुकायचे, मी बोळ्याने ओले करायचो. डाव्या बाजूला वळून झोपली की पूर्वीसारखीच दिसायची, अगदी पूर्वीसारखी. तो थांबला. इथून पुढचं, औषध सुरू झाल्यानंतरचं, उघडं राहिलेलं तोंड, तो घशातला आवाज, शेवटच्या सकाळी चेहऱ्यावरून सरत गेलेला रंग, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मिरजेच्या त्या बायकांसारखं आपणही आता एका मुलीला पुढे ढकलतो आहोत की काय, हे त्याला कळेना. शेत पूर्ण काळोखलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहरा स्वच्छ झाला होता, सुजलेला, लाल, सोळा वर्षांचा, आणि ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"पुढे," ती म्हणाली.